पानं काढ, देठ ठेव

९ एप्रिल

मामा,

आधीच माफी मागते. माझं शुद्धलेखन तुला माहीत आहे, शाळा सुटली तेव्हा तेही सुटलं. आणि फोनवर मराठी टाइप करायला मला एकेक अक्षर शोधावं लागतं. एवढं लिहीपर्यंत चहा गार झाला. बोलले असते, पण जहाजावर फोन लागत नाही, आणि लागला तरी मी नुसतं हं हं करते. म्हणून लिहिते.

तुझं कुंडीतलं अंजीर बरं आहे. रोज दुकानात जायच्या आधी गच्चीवर जाते, मातीत बोट घालते. पहिल्या पेरापर्यंत कोरडी लागली तरच पाणी. उजव्या फांदीला वळवायला तू गुंडाळलेली तार सालीत रुतायला लागलीय असं वाटतं. सोडवू का? आणि पानं. पानं फार मोठी आलीत. खोड माझ्या मनगटाएवढं आणि पान माझ्या पंजाएवढं. आई म्हणते, पोराने बापाची टोपी घातल्यासारखं दिसतंय.

आईचं शिलाईचं दुकान ठीक चाललंय. सगळ्यांना कपडे आतून घेऊन हवेत, नाहीतर बाहेरून सोडून. मी मागच्या खोलीत काज-बटणं करते, म्हणजे गिऱ्हाइकाशी बोलावं लागत नाही.

गच्ची गळते म्हणून एक माणूस बघून गेला. मोठ्याने बोलतो. मी टाकीमागे उभी राहिले तो जाईपर्यंत.

एक सांगायचं होतं. जाताना तू झाड माझ्याकडे दिलंस, आईकडे नाही. मला आजवर कुणी काही सांभाळायला दिलं नव्हतं. साधा निरोपसुद्धा देत नाहीत, म्हणतात, ही सांगणारच नाही. तुझं झाड मी नीट ठेवीन.

मुंगी


२२ एप्रिल

मुंगे,

तुझं पत्र आज मिळालं. मधे किनाराच नव्हता, म्हणून नेटही नव्हतं. जहाजावर सगळे मजेत. मी शिजवतो, ते खातात आणि नावं ठेवतात. इंजिनवाला म्हणतो, तुझ्या रश्श्यात गंज चढणार नाही एवढं तेल असतं. मी म्हटलं, तुझ्या इंजिनात नसतं म्हणून इथे घालतो.

तार सोडवत बसू नकोस. उलटी फिरवलीस की फांदी मोडते. कात्रीने तुकडे कर, वेढ्या-वेढ्याला एक, आणि तुकडे आपोआप पडू देत. सालीवर वळ राहील. राहू दे, भरतो.

पानं मोठी येणारच. अंजिराला आपण उथळ कुंडीत बसवतो, मुळं कापतो, फांद्या वळवतो, ते सगळं सोसतं, पण पान लहान करायचं म्हटलं की हट्ट करतं. आणि फळाचं तर नावच नको. झाड गुडघ्याएवढं, फळ बाजारातल्याएवढं. नाकापेक्षा मोती जड. त्याला उपाय आहे, पण तो झाड धडधाकट असतानाच करायचा. मी सांगेन तेव्हा.

एकच गोष्ट पाळ. त्याची जागा हलवू नकोस. अंजीर रुसकं असतं. दोन पावलं सरकवलं तरी पानं टाकतं. तुझी आई लहानपणी अशीच होती, तिला सांगू नकोस.

पान तोडलंस तर पांढरा चीक येतो, त्याने हात खाजतात, लगेच धू. पण चीक आला की समजायचं, आत सगळं चालू आहे.

दर खेपेला घरी आलो की मी पहिलं काय करतो, माहीत आहे ना? बॅग दारात टाकून गच्चीवर. तुझी आई यावरून बोलते, बोलू दे. ते झाड मी तुझ्या जन्माआधी काडीएवढं आणलं. आता तुझा हात लागू दे. काज करणारा हात आहे, झाडाला असाच लागतो.

मामा


५ मे

मामा,

तार काढली. तुकडे करून. एक वळ राहिलाय.

गच्चीचं काम सुरू झालं. खूप आवाज असतो.

झाड ठीक आहे. काही पानं पिवळी पडली, खालची. बाकीची मोठीच आहेत, मोठी आणि जराशी मऊ. तो उपाय तू म्हणालास, तो आता करायचा का? काय करू ते लवकर सांग.

आई बरी आहे. मी बरी आहे.

मुंगी


१९ मे

मुंगे,

पानं काढ. सगळी. देठ ठेव. कात्रीने पान काप, देठ फांदीवरच राहू दे, तो नंतर गळतो. पाणी निम्मं कर. ऊन भरपूर. गच्चीवरच्या उन्हात तीन आठवड्यांत नव्या कोंबांचे डोळे फुटतील. नवी पानं लहान येतील.

भिऊ नकोस.

मामा


८ जून

मामा,

तुझं पत्र फार छोटं होतं. मी चार वेळा वाचलं, कुठे काही राहिलंय का बघायला. माझं काही चुकलं का? सांगितलंस तर मला चालेल.

पानं काढली. सगळी. आईची बारीक कात्री घेतली, धागे कापायची. पहिल्या पानाला चीक आला, घळघळ. नंतरच्यांना कमी. शेवटच्या फांदीला आलाच नाही, पण मी म्हटलं संपला असेल.

हात दोन दिवस खाजले. देठ गळून पडले, तू म्हणालास तसे. त्यानंतर काही नाही.

तीन आठवडे होत आले. डोळे नाहीत. नुसत्या काड्या. तू एकदा दाखवलं होतंस, नखाने साल जराशी खरवडायची, खाली हिरवं दिसलं की जिवंत. मी खरवडलं, हिरवं होतं. दुसऱ्या दिवशी परत बघितलं. मग रोजच बघते. दुकानात जायच्या आधी एकदा, आल्यावर एकदा. बघितल्याशिवाय जेवण जात नाही. आता वरच्या फांद्यांना तपकिरी दिसतं. खोडाला अजून हिरवं आहे, पण फिकट.

फोटो पाठवतेय. तू बघून सांग.

मुंगी


९ जून

मुंगे,

फोटो बघितला.

कुंडीखाली निळी फरशी आहे. ती आपल्या बाथरूमची. गच्चीला फरशी नाही.

झाड कुठे आहे?

मामा


१० जून

मुंगे,

रागावलो नाही. उत्तर दे.

मामा


११ जून

मामा,

काल उत्तर लिहिलं आणि पुसलं. आज पाठवणार आहे, कसंही असलं तरी.

झाड बाथरूममध्ये आहे. एप्रिलच्या शेवटापासून.

गच्चीवाला आला. म्हणजे तोच मोठ्याने बोलणारा, त्याचा हा ठेका आहे. म्हणाला, उद्यापासून डांबर ओतणार, सगळं सामान खाली न्या. सगळ्यांनी नेलं, सायकली, जुने पंखे, वाळत घातलेले कपडे. मला विचारायचं होतं की एक कोपरा सोडाल का. जिन्यात उभी राहून मी ते वाक्य पाठ केलं. तो समोर आला. त्याने विचारलं, काय गं, काय हवंय? मी म्हटलं, काही नाही.

मग झाड खाली आणलं. आपल्या खोलीला एकच खिडकी, तीही पलीकडच्या भिंतीला लागून. बाथरूमच्या झरोक्यातून तरी थोडं ऊन येतं, म्हणून तिथे ठेवलं. पानं चौथ्या दिवसापासून पडायला लागली. आई म्हणाली, दादाला कळवू नकोस, समुद्राच्या मधोमध बसून तो काय करणार आहे, नुसता जिवाला घोर. मी म्हटलं बरं. मलाही तेच हवं होतं. काम आठवड्यात संपेल, मी परत वर नेईन, तुला कळणारच नाही. पण काम थांबलं, माल आला नाही म्हणून. अजून अर्धीच गच्ची झालीय.

तू लिहिलंस की झाड धडधाकट असतानाच करायचं. ते मी वाचलं होतं. पण मग तूच पानं काढ म्हणालास. मला वाटलं तुला जास्त कळतं. तुला तर माहीतच नव्हतं ते कुठे आहे.

आई रोज म्हणते, अंघोळीला गेलं की ते झाड माझ्याकडे बघत बसतं. परवापासून म्हणत नाही.

एक विचारू का? तू आता दुसऱ्याच दिवशी उत्तर देतोस. आधी दहा-दहा, पंधरा-पंधरा दिवस लागायचे. जहाजावर नेट नसतं म्हणायचास. तू कुठे आहेस?

मुंगी


१२ जून

मुंगे,

तुला लोक मुकी समजतात. समजू देत.

मी जहाजावर नाही. महिना झाला. स्वयंपाकघराचं लोखंडी दार, समुद्र खवळलेला, आणि माझा हात चौकटीत. उजवा. अंगठ्याचं वरचं पेर गेलं. बाकीचा आहे, पण आहे म्हणण्यापुरता. जहाज मला या बंदरात उतरवून पुढे गेलं. कंपनीच्या खोलीत राहतो. कागद झाले की घरी पाठवतील. कधी, ते कुणी सांगत नाही. खिडकीतून दुसऱ्यांची जहाजं दिसतात.

छोटं पत्र रागाने नव्हतं. डाव्या हाताने एका बोटाने लिहितो. हे एवढं लिहायला दुपार गेली. तुझा चहा गार होतो, माझं जेवण.

डॉक्टर रोज सुई टोचतो आणि विचारतो, कळतं का. मी डोळे मिटून हो म्हणतो. कधीकधी त्याने टोचलेलीच नसते.

तुझ्या आईला सांगू नकोस. तिचा जीव टांगणीला लागेल.

आता ऐक. चूक माझी अर्धी आहे. मी जागा विचारायला हवी होती. फोटो मागायला हवा होता. मला वाटलं, गच्चीवरच असणार, दुसरीकडे कुठे जाणार. तेव्हा हात असा ठणकत होता की लवकर लिहून टाकलं.

खरवडणं बंद. प्रत्येक खरवड ही जखम आहे. तू विचारतेस आणि त्याला उत्तर द्यायला साल खर्चावी लागते.

झाड उजेडात ने. एकदम उन्हात नाही, टाकीच्या सावलीत. गच्चीवाल्याला विचार.

मला इथून काही करता येत नाही. हे लिहिण्याखेरीज.

मामा


१७ जून

मामा,

तुझं पत्र बाथरूममध्ये बसून वाचलं. दोन वेळा. मग नळ चालू केला, आईला आवाज जाऊ नये म्हणून.

गच्चीचं काम परत सुरू झालंय. गच्चीवाल्याला विचारलं. सरळ नाही. दोन दिवस नुसती वर जाऊन आले. तिसऱ्या दिवशी कुंडी हातात घेऊनच गेले, म्हटलं हात भरलेले असले की पळता येणार नाही. त्याने कुंडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "ही काठी कुठे लावायचीय?"

मी म्हटलं, "काठी नाही. अंजीर आहे. टाकीच्या सावलीत ठेवायचंय."

मामा, एवढं सगळं एका दमात बोलले. तो म्हणाला, एवढ्याशासाठी रोज जिन्यात उभी होतीस होय? मला वाटलं तू माझ्यावर नजर ठेवतेस. मग त्यानेच डांबराचा ड्रम सरकवला आणि दोन विटा लावून दिल्या. आमच्या ड्रमला जागा आहे तर याला नाही का, असं पण म्हणाला. एप्रिलमध्ये विचारलं असतं तर एप्रिलमध्येच विटा लावल्या असत्या.

हे सारखं मनात येतं. दोन विटा.

खरवडणं सोडलंय. फार जड जातं. हात आपोआप जातो. म्हणून आता वर जाताना दोन्ही हात मागे बांधून बघते, शाळेत बाई उभं करायच्या तशी.

आणि एक आहे. खालच्या उजव्या फांदीवर, जिथे तारेचा वळ आहे त्याच्या जरा वर, काहीतरी फुगलंय. एकच. तिळाएवढं. काल नव्हतं, किंवा असेल तर मी बघितलं नसेल. हे चांगलं ना?

तुझा हात दुखतो का? काय करू मी इथून?

मुंगी


१८ जून

मुंगे,

नीट बघ. टोकदार आहे की गोल?

टोकदार आणि फांदीला चिकटलेलं असलं तर पान. गोल असलं तर फळ.

फळ असलं तर चांगलं नाही. पान नसताना फळ धरायचं म्हणजे घरात दाणा नसताना पाहुणे बोलवायचे. मरायला टेकलेलं झाड कधीकधी असं करतं. उरलंसुरलं त्यातच घालतं.

गोल असलं तर खुड. मला माहीत आहे, त्या झाडावर तेवढंच आहे. तरी खुड. नाहीतर ते फळ झाडाला खाईल.

मी असतो तर मीच केलं असतं. तुला करायला लावलं नसतं.

हात दुखत नाही. दुखला असता तर बरं, असं डॉक्टर म्हणतो.

मामा


२१ जून

मामा,

अजून कळत नाही. सकाळी टोकदार वाटतं, संध्याकाळी गोल. आईचं भिंग घेऊन बघितलं, सुईत दोरा ओवायचं. भिंगातून तर दोन्ही वाटतं. गच्चीवाल्याला दाखवलं, तो म्हणाला, मला तर काही दिसतच नाही.

अजून थोडं थांबू का? थांबले आणि फळ असलं तर झाडाचं नुकसान. घाई केली आणि पान असलं तर होतं ते एकुलतं एक पान गेलं. तू इथे असतास तर एका नजरेत सांगितलं असतंस. मी फोटो काढला पण तो नीट येत नाही, एवढं बारीक फोनला दिसतच नाही.

मुंगी


२२ जून

मुंगे,

थांब. गोल आहे याची खात्री झाल्यावरच.

मामा


२६ जून

मामा,

गोल होतं.

काल सकाळी अगदी स्पष्ट दिसलं. बारीक हिरवा मणी, शर्टाच्या कॉलरला असतं ना त्या छोट्या बटणाएवढा, देठावर जरासा झुकलेला. खोटं कशाला बोलू, छान होता. एवढ्या काड्यांमध्ये तेवढंच हिरवं. मी आईला बोलावलं, तिने बघितलं, म्हणाली, अगं फळ धरलंय, जगलं की गं. तिला समजावून सांगायला लागले आणि मला रडू आलं. मग ती म्हणाली, दादा असं म्हणाला का? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, मग कर.

आणि मग ती म्हणाली, "त्याचा हात कसा आहे आता?"

मामा, आईला माहीत आहे. मे महिन्यातच कंपनीचा फोन आला होता तिला. तिने मला सांगितलं नाही, मी हाय खाईन म्हणून. तुला कळू दिलं नाही, तुला वाईट वाटेल म्हणून. रात्रंदिवस मशीनवर बसायची ती, मला वाटायचं काम जास्त आहे. आणि आता मला म्हणते, मला कळलंय हे दादाला सांगू नकोस.

मी सांगतेय. मला कंटाळा आला. तू आईपासून लपवतोस, आई तुझ्यापासून, मी तुझ्यापासून, सगळे एकमेकांच्या काळजीने, आणि झाड बाथरूममध्ये. तिला तू स्वतः लिही. डाव्या हाताने लिही, छोटं लिही, चालेल.

मग मी खुडलं. कात्रीने नाही, नखाने, दोरा तोडतात तसं. आई शेजारी उभी होती. गच्चीवाल्याने काम थांबवलं, कारण माहीत नव्हतं त्याला, पण थांबवलं.

खुडल्या जागी आधी काही दिसलं नाही. मी तशीच वाकून राहिले. मग चीक आला. घळघळ नाही. एकच थेंब, टाचणीच्या डोक्याएवढा, पांढरा. मी दुसऱ्याची वाट बघितली, आला नाही. पहिला तिथेच वाळला.

एका थेंबाने काय समजायचं, मला कळत नाही. हे नवं आहे की उरलेलं आहे, तेही कळत नाही. तुलाही इथून कळणार नाही, म्हणून विचारत नाही. थोडा चीक माझ्या बोटाला लागला होता. तू सांगितलंयस की लगेच धुवायचं. मी धुतलं नाही. संध्याकाळपर्यंत बोट खाजत होतं.

आज सकाळी हात मागे बांधून बघून आले. कालच्यासारखंच आहे. उद्या परत जाईन.

आणि हो, तुला जरा हसू यावं म्हणून सांगते, खालच्या मजल्यावर घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा आहेत ना, त्यांनी पोहण्याचा क्लास लावलाय. पहिल्याच दिवशी त्यांची कवळी तळाशी गेली, आणि ती शोधायला सगळ्या क्लासने बुड्या मारल्या.

मुंगी